वाट्याला आलेले वाचन

या पुस्तकातली बहुतेक टिपणे लोकलच्या डब्यात लिहिलेली आहेत. वसईहून चर्चगेटकडे जाणारी पहाटेची गाडी, बायकांचा डबा. खिडकी मिळाली तर वही मांडीवर, नाही मिळाली तर दाराजवळच्या दांड्याला पाठ टेकून पर्सवर धरलेली. नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की तिचा आवाज बदलतो. तो बदलला की मी पेन बाहेर काढायचे. एकतीस वर्षे मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. सकाळपाळीला सातच्या आत वॉर्डात हजर व्हावे लागे, म्हणून रोजची मिस्सा बहुतेक वेळा चुकायची. त्या दिवशीची वाचने मात्र चुकवायची नाहीत, हा नेम विशीत धरला तो अजून चालू आहे.

ज्यांना कॅथॉलिक उपासनेची ओळख नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगते. मिस्सेच्या पूर्वार्धात बायबलमधले उतारे वाचतात. आठवड्याच्या दिवशी एक उतारा जुन्या करारातला किंवा नव्या करारातल्या पत्रांतला, मग एक स्तोत्र, मग शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला एखादा प्रसंग किंवा त्याची शिकवण. रविवारी आणखी एका वाचनाची भर पडते. कोणत्या दिवशी काय वाचायचे हे सहसा कोणा फादरांच्या मर्जीवर नसते, त्याचा क्रम आखलेला आहे. रविवारचे चक्र तीन वर्षांचे: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरच्या दिवसांत अधिक भेटतो. इतर वारी, सामान्यकाळात, म्हणजे असे विशेष काळ सोडून उरलेल्या दिवसांत, पहिले वाचन दोन वर्षांनी फिरून येते, सम सालांचे वेगळे आणि विषम सालांचे वेगळे. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच: आधी मार्क, मग मत्तय, शेवटी लूक. आज जो उतारा वसईत वाचला तोच मनिलात, तोच क्राकोत. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि कितीतरी दिवस त्या आनंदात होते.

हा क्रम जुना नाही. माझ्या आईच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. फादर वेदीकडे तोंड करून म्हणत, लोक मागे गुडघ्यांवर बसून रोझरीचे मणी ओढत. वाचनांचे चक्र एका वर्षाचे होते आणि उपवासकाळ सोडला तर जुना करार फारसा कानी पडत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला आणि बायबलचे भांडार श्रद्धावंतांपुढे मोकळ्या हाताने उघडावे असे ठरवले. त्यातून १९६९ मध्ये वाचनांचा नवा क्रम तयार झाला, १९८१ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. मधल्या काळात मिस्सा मराठीत आली होती. आई सांगायची, पहिल्यांदा मराठीत वाचन ऐकले तेव्हा तिला वाटले की आपल्यालाच कोणीतरी नावाने हाक मारतेय.

मराठी कानांना बायबल तेव्हा काही पहिल्यांदा भेटत नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पुराण जसे ऐकायचे तसे ते लोकांनी चर्चमध्ये आणि घरांत ऐकले. पुढे प्रॉटेस्टंट मंडळींनी बायबल घरोघर वाचायची सवय लावली. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. आम्ही कॅथॉलिक या बाबतीत उशिरा जागे झालो, हे मान्य केले पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या घरात बायबल होते ते कपाटावर, फुलांच्या माळेखाली. ते खाली उतरले ते या रोजच्या वाचनांमुळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले तेव्हा तर वाडीत काम करणारी माणसेही संध्याकाळी ओटीवर बसून ते वाचू लागली. साहित्य अकादमीने त्या अनुवादाचा गौरव केला. आम्हाला तो गौरव आमच्या बोलण्याचा वाटला.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. डब्यात माझ्यासमोर बसणाऱ्या एक बाई रोज हरिपाठ वाचायच्या. एकदा त्यांनी विचारले, “सिस्टर, तुमचे रोज वेगळे असते. मग आज काय वाचायचे ते तुम्ही निवडता का?” मी म्हटले, “नाही हो, ते येते.” उत्तर सहज तोंडून गेले, पण त्यानंतर मी त्याचाच विचार करत राहिले. मी निवडले असते तर काय निवडले असते? थकलेल्या दिवशी धीराचे स्तोत्र, रागाच्या दिवशी अन्यायाला शाप देणारा संदेष्टा. म्हणजे माझ्या मनात आधीच असलेले मीच मला वाचून दाखवले असते. रोजचे वाचन माझ्या मनाकडे बघत नाही. ज्या दिवशी मी कोणाशी भांडून आलेली असते त्या दिवशी ते मोशेच्या तंबूची उभारणी सांगते, आणि ज्या दिवशी मी अगदी मजेत असते त्या दिवशी राखेत बसलेल्या ईयोबाकडे नेते. दिवस जसा वाट्याला येतो तसेच वाचनही वाट्याला येते. हे दोन वाटे एकमेकांवर घासले की कधी कधी ठिणगी पडते. त्या ठिणग्यांची ही वही आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या वाटेवर घसरायला वेळ लागत नाही. रोजचे वाचन म्हणजे आजचे भविष्य नव्हे. ‘आज वादळ शमवल्याचे वाचन आले, म्हणजे माझ्या मुलाचा निकाल चांगला लागणार’ असा अर्थ काढताना मी एका माणसाला पाहिले आहे आणि तो नंतर कसा खचला तेही पाहिले आहे. बायबल कुठेही उघडून डोळे मिटून बोट ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. मी वॉर्डात काम केले. तिथे एकाच दिवशी, एकाच शुभवर्तमानाखाली, एका खाटेवरचा माणूस घरी जातो आणि शेजारच्या खाटेवरचा जात नाही. वाचनातून मी निकाल शोधायचा कधीच सोडला. मी त्यातली एखादी वस्तू शोधते. मार्क सांगतो की वादळात येशू नावेच्या मागच्या बाजूला झोपला होता, आणि उशीवर झोपला होता. ही उशी मत्तयात नाही, लूकमध्ये नाही. रात्रपाळीत खुर्चीवर डोळा लागलेल्या कितीतरी जणींच्या मानेखाली मी घडी घातलेली चादर सरकवली आहे, आणि दरवेळी मला ती उशी आठवली आहे. माझ्या दिवसाला तेवढे पुरते.

आमच्या हवापाण्याशी तर या वाचनांचे काहीच नाते नसायला हवे. क्रम आखला तो रोममध्ये. मृग कधी लागतो हे तिथे कोणी पाहिले नसणार. तरी सम सालात, सामान्यकाळाच्या दहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी सारफथच्या विधवेची गोष्ट येते, आणि हा आठवडा पडतो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. देशात दुष्काळ आहे. वेशीपाशी ती बाई काटक्या गोळा करते आहे. घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल. त्याची भाकरी करायची, मायलेकाने खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असे तिने ठरवलेले आहे. तेवढ्यात परका माणूस, एलीया, येतो आणि म्हणतो की आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकरी कर. ती करते, आणि पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरत नाही. आमच्याकडे तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, बावखलात चिखल उरलेला असतो आणि वाडीतला जो तो आभाळाकडे बघत असतो. त्याच दिवशीचे शुभवर्तमान आहे मिठाचे आणि दिव्याचे. पीठ, तेल, मीठ, दिवा: सगळे स्वयंपाकघर एका दिवसात. गाडी मिठागरांजवळून जाते तेव्हा पावसाआधी झाकून ठेवलेल्या मिठाच्या राशी दिसतात. मी वाचलेले आणि खिडकीतून दिसलेले त्या सकाळी वेगळे काढता येत नाही. माझी आई तांदळाच्या भाकऱ्या करताना घरातल्या माणसांपेक्षा एक जास्त करायची. कोणासाठी, असे विचारले तर म्हणायची, “येईल त्याच्यासाठी.” तिला सारफथचे नाव माहीत होते की नाही, मी विचारले नाही.

पेरणाऱ्याचा दाखला जुलैत येतो, सोळाव्या आठवड्यात, लावणी चालू असताना. आम्ही भात राबात उगवून रोपे काढून लावतो, म्हणून वाटेवर आणि खडकावर बी उधळणारा तो शेतकरी माझ्या वडिलांना कायम उधळ्या वाटला. त्यांचे म्हणणे मी टिपणात तसेच ठेवले आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगते. यात तारखा नाहीत, आठवडे आणि वार आहेत, कारण ईस्टर दरवर्षी सरकतो आणि त्याच्याबरोबर बरेच काही सरकते. एकाच दिवसाखाली दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांची टिपणे आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. संपादनात ती जुळवून घ्यावीत असा विचार एकदा आला होता. मग वाटले, तसे केले तर पुस्तकातला जीवच जाईल. एक उदाहरण देते.

उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी दरवर्षी बेथेस्दाच्या तळ्याचा प्रसंग येतो. पाच ओसऱ्या, त्यांत पडलेले आजारी, आंधळे, लंगडे. त्यांच्यात अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस. येशू त्याला विचारतो, तुला बरे व्हायचे आहे का? १९८४ मध्ये, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी चिडून लिहिले आहे की खाटेवर पडलेल्या माणसाला हे कोणी विचारते का. वॉर्डात रोज ओसरीसारख्या व्हरांड्यात जमिनीवर गाद्या घातलेल्या मी बघत होते. तो प्रश्न मला निर्दय वाटला होता.

त्यानंतर सहा वर्षांनी अस्थिरोगाच्या वॉर्डात एक गृहस्थ होते. मांडीचे हाड मोडलेले. चार महिने झाले, हाड जुळले, पण घरी सोडायचा दिवस ठरला की त्यांना ताप भरायचा नाहीतर पाय दुखायचा. थर्मामीटर ते चहाच्या पेल्यात बुडवतात, हे एकदा मी पाहिले. रागावले नाही, कारण एव्हाना मला कळले होते की त्यांना न्यायला येणारे कोणी नव्हते. वॉर्ड हेच घर झाले होते: सकाळचा चहा, सफाईवाल्या मावशींची बडबड, शेजारच्या पेशंटच्या डब्यातली भाजी. त्या वर्षीच्या टिपणात दोनच ओळी आहेत. बरे व्हायचे म्हणजे कुठे जायचे, हे आधी ठरावे लागते. तो प्रश्न विचारणाऱ्याला हे ठाऊक होते.

आणि तिसरे टिपण निवृत्तीनंतरचे. आई अंथरुणाला खिळली होती, मी एकटीच तिचे सगळे करत होते. तेव्हा मला प्रश्न ऐकूच आला नाही, ऐकू आले ते त्या माणसाचे उत्तर: मला पाण्यात सोडायला माझे असे कोणी नाही. त्याच दिवशीचे पहिले वाचन यहेज्केलाचे आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. आधी घोट्याएवढे, मग गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे, मग पार करता येणार नाही इतके. एका बाजूला तळ्याकाठी वर्षानुवर्षे पडून राहिलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला आपणहून पुढे येणारे पाणी. ही जोडी ज्याने लावली त्याचे नाव मला माहीत नाही, पण तीस वर्षांत मला ती दिसली नव्हती, आणि त्या वर्षी आईच्या उशाशी बसून वाचताना दिसली.

सगळ्याच वाचनांशी माझे जमले आहे असे मुळीच नाही. ऑगस्टमध्ये, विसाव्या आठवड्यातल्या बुधवारी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला येतो. मालक पहाटे मजूर नेतो, मग नऊला, दुपारी, तीनला, आणि शेवटी पाच वाजताही, आणि सगळ्यांना मजुरी सारखीच देतो. नोकरीत असेपर्यंत मी पहाटे आलेल्यांच्या बाजूने होते. सेवाज्येष्ठता, पाळी, वेतनश्रेणी यांत आयुष्य गेलेले. निवृत्तीनंतर सकाळच्या मिस्सेला जाऊ लागले, आणि परतताना स्टेशनबाहेरचा मजूर नाका वाटेत लागतो. थापी, रंगाचे ब्रश, पाटी-फावडे घेऊन माणसे उभी असतात. धडधाकट असतात ती आठाच्या आत उचलली जातात. अकरा वाजता जे उरतात त्यांच्याकडे नीट पाहिले की कळते: पिकलेले केस, एखाद्याच्या बोटाला पट्टी, एखादा खोकणारा. दाखल्यात पाच वाजता उरलेल्यांना मालक विचारतो की दिवसभर इथे नुसते का उभे राहिलात, आणि ते म्हणतात की आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. हे उत्तर मी इतकी वर्षे वाचत होते. ऐकले ते नाक्यावर.

पण त्याच आठवड्यात, विषम सालात, दुसऱ्याच दिवशी इफ्ताहच्या मुलीची कथा येते. युद्ध जिंकले तर घरातून जो पहिला सामोरा येईल त्याचा होम करीन, असा नवस बाप बोलतो, आणि सामोरी येते ती एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत. २०१९ मध्ये हे वाचन वाचनपीठावरून मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली. बायका मिस्सेत वाचू लागल्या ते माझ्या डोळ्यांदेखत, आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकाची अधिकृत सेवाही स्त्रियांना खुली केली. मला वाचायला आवडते, आवाज बरा आहे. त्या दिवशी मात्र डफापर्यंत आले आणि पुढचे शब्द निघेनात. थांबले, पाणी प्यायले आणि शेवटपर्यंत वाचले. या वाचनाचा अर्थ मला लागलेला नाही. कोणी फार लवकर लावून दिला तर मला तो पटत नाही. ख्रिस्तसभेने ही कथा क्रमातून वगळली नाही, याचे मला बरे वाटते. त्या मुलीचे नाव बायबलने दिलेले नाही, निदान तिची गोष्ट दोन वर्षांतून एकदा भर सकाळी लोकांसमोर वाचली जाते. त्या पानावर टिपण नाही, फक्त वाचनाचा निर्देश आहे. अशी पाने आणखीही आहेत. काही दिवशी वाचनाने मला काहीच सांगितले नाही, आणि तसे लिहायला मी शिकले.

शेवटी तीन शुक्रवारांबद्दल लिहायचे आहे. रोज वाचणाऱ्यालाच हे तीन शुक्रवार एका ओळीत दिसतात.

गुड फ्रायडेला योहानाने लिहिलेले दुःखसहन वाचतात. रात्र थंड आहे, प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशांचा विस्तव पेटवला आहे, पेत्र तिथे हात शेकत उभा आहे, आणि तिथेच तो तीन वेळा म्हणतो की मी त्या माणसाचा नाही. बरोबर सात दिवसांनी, ईस्टरनंतरच्या शुक्रवारी, योहानाचाच उतारा येतो. रात्रभर जाळी टाकून काही मिळाले नाही, पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा आहे, आणि पेत्र पाण्यात उडी टाकून पोहत येतो तर वाळूवर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. ‘कोळशांचा विस्तव’ यासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. आमच्याकडे निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले की वास आळीभर जातो. पेत्राला त्या धुराच्या वासासरशी ती दुसरी रात्र आठवली नसेल असे होणार नाही. पण त्याला कोणी काही विचारत नाही. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. त्या शुक्रवारचे वाचन तिथेच संपते. माझ्यावर प्रेम करतोस का, हा प्रश्न त्याच अध्यायात, लगेच पुढच्या ओळीत आहे, तीनदा विचारलेला. पण क्रमात तो येतो पुढे सहा आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या आधीच्या शुक्रवारी. आधी खाऊ घालायचे, आणि विचारायचे ते कितीतरी नंतर.

आई गेल्यावर वाडीच्या वाटणीवरून माझे आणि धाकट्या भावाचे बोलणे बंद झाले होते. दोन वर्षे. चूक कोणाची हे मी इथे लिहिणार नाही, कारण लिहायला बसले की ती त्याचीच होते. आईच्या स्मरणार्थ मिस्सा होती, तो ईस्टरचाच आठवडा होता. मिस्सेनंतर तो दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी घुटमळला. मी म्हटले, “जेवून जा.” तो जेवला. मी कागदांचा, हद्दीचा, त्या एका सहीचा विषय काढला नाही. त्यानेही नाही. बोंबलाचे कालवण त्याने दोनदा वाढून घेतले आणि आईच्या हातचे याहून थोडे जास्त आंबट असायचे, एवढे म्हणाला.

त्या शुक्रवारचे टिपण पुस्तकात आहे. सहा आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी वहीत एकच ओळ आहे: आज संध्याकाळी मिस्सेनंतर मी त्याच्याकडे जाऊन आले.